तिसरी पाळी

गुरुवारी सकाळी अप्पा सुयांना धार लावायला बसायचे. गुरुवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी, आमचा रविवार तोच. खिडकीपाशी पाट, पाटावर ऑइलस्टोन, त्यावर तेलाचे दोन थेंब. काचेच्या सिरिंजची सुई दगडावर तिरकी धरून ते अलगद ओढायचे, पुसायचे आणि मग कापसाच्या बोळ्यावरून फिरवायचे. कापसाचा तंतू टोकाला अडकला की समजायचं, अजून बर आहे. पुन्हा दगड. धातू घासल्यावर कडेला जी नखाएवढीही नसलेली कोर राहते तिला बर म्हणतात, हे मला पहिलीत असतानाच ठाऊक होतं. अप्पा टूलरूममध्ये होते. आठवडाभर कंपनीचे डाय, गुरुवारी दादाची सुई.

दादाचा आजार १९८१ साली निघाला. तो नऊ वर्षांचा, मी सहा. महिनाभर तो माठावर माठ रिकामे करत होता, रात्री चार-चारदा उठत होता, कपडे अंगावर लोंबायला लागले होते. एका सकाळी मोरीत मुंग्यांची रांग लागलेली दिसली आणि आई मटकन खाली बसली. पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढलं. इथे स्वादुपिंड आहे, त्यात इन्शुलिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते याच्या अंगात तयार व्हायचं थांबलंय, आता आपण बाहेरून द्यायचं. "किती दिवस?" अप्पांनी विचारलं. डॉक्टरांनी तो कागद घडी करून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "रोज."

संप्रेरक हा शब्द त्यानंतर आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. ते दादाचं औषध होतं. वाड्यातल्या नळावर बायका म्हणायच्या, गोड फार दिलं असेल पोराला. आईला ते फार लागायचं. हा आजार गोडाने होत नाही. शरीराची स्वतःचीच राखण करणारी यंत्रणा उलटते आणि इन्शुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकते. आईला हे डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं, पण कळशी भरेस्तोवर ते सांगून होणार नव्हतं.

आम्ही चिंचवडगावात राहायचो, मोरया गोसावींच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावर, दोन खोल्यांत. आमच्यासारखी घरं तेव्हा पवनेच्या दोन्ही काठांना भरत होती. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (एचए) आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागून शेकडो छोटे वर्कशॉप. साताऱ्याहून, नगरहून, सोलापुराहून, कोकणातून माणसं आली आणि तीन पाळ्यांत विभागली गेली. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. वेळ आम्हाला भोंग्यावरून कळायची. कुठल्या घरात बाबा झोपलेत म्हणून आवाज करायचा नाही, हे गल्लीतल्या प्रत्येक पोराला पाठ असायचं. त्या गल्लीत दादाच्या औषधाची वेळही सगळ्यांना पाठ झाली. एचए कंपनीतले शेजारचे काका घरी येऊन आईला सिरिंज कशी उकळायची ते दाखवून गेले. पातेल्याच्या तळाशी फडकं घाल म्हणाले, म्हणजे काच आपटत नाही. ते फडकं पुढे दहा वर्षं त्या पातेल्यात राहिलं.

सकाळी उठल्या उठल्या लघवीची तपासणी. परीक्षानळीत पाच मिली बेनेडिक्टचं द्रावण, त्यात ड्रॉपरने आठ थेंब, स्टोव्हवर उकळायचं आणि रंग बघायचा. निळा राहिला तर साखर नाही. मग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी. आई रंग बघून औषध कमी-जास्त करायची, आणि मी तिच्या खांद्यावरून डोकावून विटकरी येऊ नये म्हणून देवाचं नाव घ्यायची. आता कळतं की तो रंग आत्ताच्या साखरेचा नव्हताच, गेल्या काही तासांचा होता. मूत्राशयात साठलेली जुनी बातमी वाचून आई पुढच्या बारा तासांचा निर्णय घेत होती.

औषध पुण्याहून यायचं. अप्पा फर्स्ट शिफ्ट करून लोकलने शिवाजीनगरला जायचे आणि थर्मासमध्ये बर्फ घालून बाटल्या आणायचे. गुराढोरांच्या स्वादुपिंडापासून काढलेलं इन्शुलिन, एका मिलीत ४० युनिट. एक बाटली 'प्लेन', पाण्यासारखी स्वच्छ, लगेच काम करणारी. दुसरी 'लेंटे', गढूळ, दिवसभर हळूहळू उतरणारी. गढूळ बाटली हलवायची नाही, दोन्ही तळव्यांत धरून लाटायची. आणि सिरिंजमध्ये भरताना आधी स्वच्छ, मग गढूळ. 'आधी स्वच्छ, मग गढूळ' हे आमच्याकडे शुभंकरोतीसारखं पाठ होतं. फ्रीज नव्हता. बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माठाच्या आत सोडलेल्या असायच्या. उन्हाळ्यात माठाला बाहेरून ओलं पोतं. दादाच्या मांड्यांवर सुया टोचून टोचून खळगे पडले होते, त्या काळच्या औषधाने पडायचेच. हाफ पँट घालायला तो लाजायचा.

पण मला खरं सांगायचंय ते रात्रीचं. लेंटेचा जोर कधी वाढेल ते नेमकं सांगता यायचं नाही, आणि झोपेत साखर उतरली की माणूस हाक मारू शकत नाही. म्हणून आई रात्री अडीच-तीनला उठायची. दिवा लावायची नाही. दादाच्या मानेमागे हात घालून घाम आहे का बघायची, बनियन ओला आहे का बघायची, हळूच नाव घ्यायची. त्याने "हं" म्हटलं की पांघरूण सारखं करून परत. "हं" नाही आलं की साखरेचं पाणी. अप्पा नाईटला असले की ती एकटीच. एकदा मी जागी झाले तेव्हा ती त्याचा जबडा एका हाताने धरून गालाच्या आत बोटाने साखर चोळत होती आणि अगदी रोजच्या आवाजात त्याला सतराचा पाढा म्हणायला सांगत होती. "सतरा चोक?" तो म्हणाला, "अडुसष्ट." मग ती रडली.

शरीराचं स्वादुपिंड दर मिनिटाला जे करतं ते काम आमच्या घरात आई, अप्पा, एक माठ, एक दगड आणि पाच रंग मिळून करत होते. टेल्को-बजाजमध्ये तिसरी पाळी सकाळी संपायची. आईची पाळी संपायची नाही, आणि तिला साप्ताहिक सुट्टीही नव्हती. त्या पिढीच्या बायकांच्या वाट्याला आलेलं हे काम कुठल्याच हजेरीपत्रकावर लागलेलं नाही, म्हणून मी ते इथे लिहिते आहे.

चौदा नोव्हेंबरला शाळेत बालदिन असायचा, नेहरूंच्या फोटोला हार असायचा आणि प्रत्येकाच्या हातावर पेढा. दादा पेढा घ्यायचा आणि घरी आणून मला द्यायचा. त्याच तारखेला फ्रेडरिक बँटिंगचा जन्म झाला, हे आम्हाला फार पुढे कळलं. १९२१ मध्ये टोरंटोत बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळं केलं, कॉलिपने ते शुद्ध केलं, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. त्याआधी अशी मुलं उपाशी ठेवून काही महिने जगवत. शोधाचं पेटंट विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं गेलं. दादा या तारखेला आता स्वतः पेढे वाटतो आणि एक खातोही.

मधली वर्षं भराभर गेली. १९८८ ला आम्ही निगडी प्राधिकरणात राहायला गेलो, फ्रीज आला, माठाची सुटका झाली. वापरून फेकायच्या सिरिंज आल्या आणि ऑइलस्टोन कपाटावर गेला. बोटातून रक्ताचा थेंब काढून आकडा दाखवणारं मशीन आलं, तेव्हा आईने पहिल्यांदा 'आत्ताची' साखर बघितली. जनावरांचं इन्शुलिन जाऊन सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेलं मानवी इन्शुलिन आलं. औरंगाबादच्या वोक्हार्टने २००३ मध्ये ते इथे बनवलं तेव्हा अप्पांनी पेपरातली बातमी कापून ठेवली होती. दादा इंजिनिअर होऊन चाकणला क्वालिटीत लागला. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी आणि फिरंगोजी नरसाळ्यांच्या किल्ल्यासाठी माहीत असलेलं चाकण एव्हाना मोटारींचं गाव झालं होतं.

पंप आला २०१७ साली. जुन्या पेजरएवढा, पट्ट्याला अडकवायचा. त्यातून एक बारीक नळी पोटावरच्या चिकटपट्टीपर्यंत, आणि तिथून काही मिलिमीटरची मऊ नळी कातडीखाली. दादाने तो अप्पांच्या हातात दिला. अप्पा एकोणऐंशी वर्षांचे होते. त्यांनी चष्मा बदलला, डबीएवढी ती वस्तू उलटी-सुलटी केली आणि पहिला प्रश्न विचारला, "ढकलतंय काय आत?"

दादाने सांगितलं: आत एक मोटर आहे, तिच्यावर लीडस्क्रू, तो स्क्रू फिरला की औषधाच्या कुपीतला दट्ट्या पुढे सरकतो. बस्स. म्हणजे सिरिंजच, फक्त अंगठ्याच्या जागी स्क्रू. अप्पांनी वर्तमानपत्राच्या समासात गणित मांडलं. पंपाचं औषध तीव्र, एका मिलीत १०० युनिट. म्हणजे एक युनिट दहा घन मिलिमीटर. कुपीचं आतलं तोंड साधारण एक चौरस सेंटिमीटर धरलं, तर एका युनिटला दट्ट्या दशांश एक मिलिमीटर सरकायला हवा. "आणि कमीत कमी किती देतो हा?" ०.०५ युनिट, दादा म्हणाला. अप्पांनी पेन्सिल थांबवली. पाच मायक्रॉन. त्यांच्या खिशातल्या मायक्रोमीटरचा सगळ्यात बारीक आकडा दहा मायक्रॉनचा होता.

"प्ले काढलाय वाटतं पूर्ण," ते म्हणाले. हे त्यांच्या तोंडून निघालेलं सर्वांत मोठं कौतुक. स्क्रू आणि नट यांच्यात जी सैल जागा असते ती प्ले, आणि आयुष्यभर त्यांनी तिच्याशीच झुंज घेतली होती. मग त्यांनी पंप कानाला लावला आणि बराच वेळ तसेच बसले. दर काही मिनिटांनी आत अगदी बारीक टिक् व्हायची. आम्ही कुणीच बोललो नाही.

पुढे मी या यंत्राबद्दल मिळेल ते वाचलं. १९६३ मध्ये, म्हणजे आमच्याकडे एमआयडीसी नुकतीच सुरू झाली तेव्हा, लॉस एंजेलिसचे डॉक्टर अर्नोल्ड कॅडिश यांनी रक्तातली साखर मोजून आपोआप औषध सोडणारं यंत्र केलं होतं. ते पाठीवर बांधायच्या मोठ्या पिशवीएवढं होतं, घालून कुणी फिरणं शक्य नव्हतं. सत्तरच्या दशकात डीन केमेनने अंगावर बाळगता येईल असा पंप तयार केला, आणि १९७८ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या जॉन पिकअप आणि हॅरी कीन यांच्या चमूने कातडीखाली सतत थेंब-थेंब इन्शुलिन देण्याची रीत प्रसिद्ध केली. दादाचा आजार निघाला त्याच्या तीन वर्षं आधी! तिकडून आमच्या घरी यायला तिला जवळपास चाळीस वर्षं लागली.

पण २०१७ चा तो पंप आज्ञाधारक होता, शहाणा नव्हता. सांगितलं तेवढं द्यायचा. साखर किती हे त्याला कळत नव्हतं, त्यामुळे आईची रात्रीची फेरी चालूच होती. दादाचं लग्न झालं तेव्हा ती पाळी वहिनीने वाटून घेतली होती, तरी आई उठायचीच. यंत्राला डोळे फुटले ते २०२२ मध्ये, जेव्हा दादाने दंडावरचा सेन्सर आणि त्याच्याशी जोडलेला नवा पंप घेतला. सेन्सरची केसासारखी तार कातडीखालच्या द्रवात असते. दर पाच मिनिटांनी ती साखर मोजते, दिवसाला २८८ वेळा. आकडा रक्ताच्या थोडा मागून येतो, पण आकड्यांची ओळ बघून साखर कुठे निघालीय याचा अंदाज पंप बांधतो आणि औषध वाढवतो, कमी करतो, थांबवतो. जेवणाचं मात्र अजून सांगावं लागतं. दोन पोळ्या, अर्धी वाटी भात, पुरण असेल तर पुरण. म्हणून त्याला अर्धं स्वयंचलित म्हणतात. अमेरिकेत या जातीच्या पहिल्या पंपाला सरकारी मान्यता मिळाली ती सप्टेंबर २०१६ मध्ये.

त्याच्या आधीची एक गोष्ट मला फार आवडते. सिअॅटलची डेना लुइस, हाच आजार असलेली तरुण मुलगी, एकटी राहायची. तिच्या सेन्सरचा रात्रीचा गजर इतका हळू की तिला जागच यायची नाही, आणि झोपेतच काही झालं तर, ही भीती. म्हणून २०१३ मध्ये तिने आधी गजर मोठा करायची खटपट केली. त्या खटपटीतून साखर कुठे जाणार याचं गणित जमलं, आणि २०१५ मध्ये पंप आपोआप चालवायची सगळी कृती तिने आणि तिच्या साथीदारांनी लोकांना फुकट खुली केली. कंपन्यांची वाट न बघता हजारो घरांनी ती वापरली. म्हणजे या यंत्राच्या मुळाशीही रात्री अडीचची भीतीच होती. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "एकटी होती ना पोर."

परवाच्या आषाढी वारीत दादा आकुर्डीपासून पुण्यापर्यंत तुकोबांच्या पालखीबरोबर चालला. लहानपणी त्याला ते कधी करता आलं नव्हतं. आकुर्डीच्या मुक्कामाला दर्शन घेऊन परत. मी बरोबर होते. कासारवाडीच्या पुढे त्याने मोबाइल दाखवला. साखर १२४, बाण खाली. जरा वेळाने १०५, दोन बाण खाली. पंपाने औषध कधीच बंद केलं होतं. टाळ वाजत होते, कुणीतरी राजगिऱ्याचा लाडू हातात ठेवला, दादाने तो खाल्ला आणि आम्ही चालत राहिलो. दापोडीचा पूल ओलांडेपर्यंत बाण आडवा झाला होता. एवढंच झालं. एकावन्न वर्षांच्या माणसाने पालखीत लाडू खाल्ला, आणि त्याच्या घरी कुणाच्याही पोटात गोळा आला नाही.

यंत्रावर आंधळा विश्वास मात्र टाकता येत नाही. एका रात्री कातडीखालची नळी दुमडली. दादा कुशीवर झोपला होता, पट्टीवर भार आला असेल. पंपात फक्त झटपट काम करणारं औषध असतं, लेंटेसारखा मागचा साठा अंगात नसतो, त्यामुळे पुरवठा तुटला की तीन-चार तासांत माणूस गडबडतो. साखर चारशेवर गेली, उलट्या सुरू झाल्या. गजर वाजत होता. वहिनीने पंप बाजूला केला, साध्या सिरिंजने औषध दिलं, नळीचा सेट बदलला आणि पहाटे दोघं दवाखान्यात गेले. तेव्हापासून त्यांच्या फ्रीजच्या दारात सिरिंज आणि पेन कायम असतं. सेट तिसऱ्या दिवशी बदलतात. कुपी भरली की बुडबुडे वर काढायला दादा तिला नखाने टिचकी मारतो. अगदी आईसारखी, तर्जनीने, तीनदा.

आणि या सगळ्याची किंमत. पंप काही लाखांचा, आणि सेट, कुप्या, सेन्सर यांचा खर्च दरमहा चालूच. दादाला परवडतं, कारण तो कायम नोकरीत आहे, वहिनीही कमावते. पण याच पट्ट्यात, खराबवाडीत, नाणेकरवाडीत, पत्र्याच्या खोल्यांतून ठेकेदाराकडे काम करणारी जी कुटुंबं राहतात, त्यांच्यातल्या एखाद्या मुलाला हा आजार निघाला तर त्याच्या घरात अजून १९८१च चालू असतं. फक्त काचेच्या जागी प्लास्टिक आलं. पाच मायक्रॉन सरकणारा स्क्रू बनवू शकतील असे हात ज्या गावात हजारोंनी आहेत, त्या गावात तो स्क्रू परदेशातून येतो आणि त्या हातांच्या पोरांपर्यंत पोचत नाही. मला याचा राग येतो. अप्पा असते तर त्यांनाही आला असता. ते २०२० मध्ये गेले, नव्या पंपाची टिक् ऐकायला थांबले नाहीत.

दादाच्या लाइनवरच्या एका ठेक्यावरच्या मुलाची लेक आठ वर्षांची आहे. मूळचे नांदेडकडचे. गेल्या दिवाळीनंतर तिचा आजार निघाला, आणि तेव्हापासून तिची आई अधूनमधून दादाला फोन करते. परवा मी तिथेच होते. दादाने आधी विचारलं, बाटली चाळीसची आहे ना, मग सिरिंज लाल टोपीचीच घ्यायची, केशरी टोपीची शंभरच्या औषधाला असते, ती घेतली तर हिशेब चुकतो. मग म्हणाला, झोपताना साखर कमी होती तर रात्री तीनला एकदा बघा. ती म्हणाली, "बघते की दादा. ह्यांची थर्ड असली तर मी जागीच असते. पण बोट टोचलं की रडती ओ. झोपेत सुदिक रडती."

आई पलंगावर बसून ऐकत होती. ऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण हे तिला बरोबर ऐकू गेलं. तिने हात पुढे करून दादाकडून फोन मागून घेतला.

"हे बघ बाळ," ती म्हणाली, "बोटाच्या मधोमध टोचू नकोस. कडेला टोच. नखाच्या बाजूला, कडेला. तिथे कमी दुखतं."